रोहित्रावरील मीटर आधीं

पावसाळ्यांत वीज गेली म्हणजे आचऱ्याकडील बागायतदाराचा पहिला प्रश्न असतो कीं, बिघाड कोठें आहे? त्याचें उत्तर बहुधा कोणापाशींच नसतें. वायरमन भिजत खांबामागून खांब पाहात जातो, आणि तारेवरची फांदी किंवा फुटका इन्सुलेटर त्याच्या दृष्टीस पडेपर्यंत वाडी अंधारांत बसते. मे २०२१ च्या तौक्ते वादळानें सिंधुदुर्गांत खांब आडवे केले तेव्हां पुष्कळ गांवीं दिवसचे दिवस वीज नव्हती. वादळ कोणाच्या हातचें नाहीं; परंतु तार कोठें तुटली हें समजावयास अजून पायपीटच करावी लागावी, हें आम्हांस पटत नाहीं.

देशाच्या मोठ्या जाळ्याची स्थिति निराळी आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजीं उत्तरेकडील वीज कोसळली, दुसऱ्या दिवशीं पूर्व व ईशान्येकडीलही गेली, आणि सुमारें साठ कोटि लोकांस त्याची झळ लागली. त्यानंतर उच्च दाबाच्या उपकेंद्रांत विजेची नाडी एका सेकंदांत अनेक वेळां पाहणारीं यंत्रें मोठ्या प्रमाणावर बसलीं. म्हणजे डोकें दुखलें तर दिल्लीस तत्काळ कळतें. पायांत काटा रुतला तर तो आमचा आम्हीं शोधावा!

२०२१ सालच्या केंद्रीय योजनेंत २५ कोटि स्मार्ट मीटर ग्राहकांकडे बसविण्याचें ठरलें. शेतीपंप त्यांतून वगळले. वाहिन्या व रोहित्रें यांवर मीटर बसविणें हेंही त्याच योजनेंत आहे, पण गाजावाजा झाला तो घरच्या मीटरचा. आगाऊ पैसे भरावयाचा मीटर सामान्य ग्राहकास बसविणार नाहीं असें राज्य सरकारनें जून २०२४ मध्यें जाहीर केलें, तेंही लोकांच्या ओरडीनंतर. आमचें म्हणणें एवढेंच कीं, घरचा मीटर बिलाच्या कामाचा, रोहित्रावरचा पुरवठ्याच्या कामाचा. तेव्हां आधीं दुसरा बसवावा व त्याची नोंद ग्रामपंचायतींत लोकांस पाहावयास मिळावी.

कारण आमची खरी हानि उन्हाळ्यांत होते. एका फेजवर भार फार झाला कीं दाब उतरतो. उतरलेल्या दाबावर पंपाची मोटर अधिक प्रवाह ओढते, गुंडाळी तापते व जळते. मोटर भरून येईपर्यंत एप्रिलांतला आठवडा गेला तर पोफळी माना टाकतात आणि पुढें माडावरचीं कोंवळीं फळें गळूं लागतात. तिन्ही फेजांचा दाब व भार टिपणारा मीटर रोहित्रावर असेल तर हा असमतोल मोटर जळण्यापूर्वीं दिसेल, व कांहीं जोडण्या एका फेजवरून दुसऱ्या फेजवर घेऊन तो निवारतां येईल. आज आपण दाब कमी आहे म्हणतों, कचेरी ठीक आहे म्हणते, आणि वाद तेथेंच राहतो.

येथें एक मौजेची गोष्ट सुचते. श्रीदेव रामेश्वराचा कौल मिळून गांवपळण होते, तेव्हां तीन दिवस व तीन रात्री माणसें, गुरें, कोंबडीं सारीं वेशीबाहेर असतात व घरें बंद असतात. त्या दिवसांत रोहित्राच्या मीटरवर जो आंकडा चढेल त्यांतून रस्त्यावरचे दिवे व चालू राहिलेला एखादा फ्रीज वजा करावा. उरेल ती तारांची गळती. फांद्यांचा स्पर्श, खाऱ्या वाऱ्यानें इन्सुलेटरवर बसलेलें मीठ, सर्व उघडें पडेल. चिंदर, वायंगणीसारखीं पळणीचीं गांवें सोडलीं तर अशी तपासणी दुसऱ्या कोणास करतां यावयाची नाहीं.

मीटर खांब उचलीत नाहीं, हें खरें. त्यास माणूसच लागतो, आणि वायरमनांच्या जागा रिकाम्या राहिल्या तर नुसत्या नोंदीचा काय उपयोग? जेथें मोबाइलचा संदेश पोहोंचत नाहीं अशा डोंगराआडच्या वाडीची नोंद कशी जावयाची, हेंही आधीं ठरलें पाहिजे. तूर्त प्रत्येक वाडीनें आपल्या रोहित्राचा क्रमांक, त्यावरील पंपांची संख्या व वीज गेल्या-आल्याच्या वेळा एका वहींत टिपून ठेवाव्या. मीटर बसेल तेव्हां तो काय दाखवितो हें ताडून पाहावयास ती वही लागेल.