मोजलेला आक्रोश

गेल्या पावसाळ्यापासून माझा पुतण्या आमच्याकडे राहतो. माझा धाकटा भाऊ गेला त्याला आता वर्ष होईल. मुलाची आई नोकरीच्या गावी, कॉलेज मात्र इथे. मुलगा गुणी आहे, पण बोलतो कमी. आणि रात्रीची जेवणे झाली, की त्याच्या खोलीतून असा काही आवाज सुरू होतो, की पहिल्या दिवशी सौभाग्यवतींनी वरच्या मजल्यावर फरशी कापणाऱ्यांना जाब विचारायला माणूस पाठवला. तो माणूस अर्थात मीच.

"काका, हे मेटलकोअर आहे," परत आल्यावर पुतण्याने खुलासा केला. मराठीच्या प्राध्यापकाला गप्प बसवणारे शब्द फार थोडे असतात. त्यांपैकी हा एक.

पुढे समजले ते असे. हार्डकोर पंक नावाच्या संतापी संगीताचा हेवी मेटलच्या गिटारकौशल्याशी संकर झाला, त्याचे हे अपत्य. यात गाणारा गातो थोडा आणि ओरडतो फार. पुतण्या रोज लावत होता ती ध्वनिमुद्रिका 'होली हेल' नावाची, इंग्लंडातल्या ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरातील 'आर्किटेक्ट्स' या मंडळींची. २००४ साली टॉम आणि डॅन सर्ल या जुळ्या भावांनी हा संच उभा केला. टॉम गिटार वाजवी. चाली आणि शब्द मुख्यतः त्याचेच. डॅन ड्रम वाजवी. टॉमला त्वचेचा कर्करोग झाला. २०१६ च्या मे महिन्यात त्यांची सातवी मुद्रिका निघाली आणि २० ऑगस्टला टॉम गेला. वय अवघे अठ्ठावीस.

'डूम्सडे' हे त्याचे अर्धवट राहिलेले गाणे उरलेल्यांनी पुरे केले आणि २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवले. गिटारीवर जॉश मिडलटन आला. शब्द लिहिण्याचे काम डॅनने अंगावर घेतले. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी 'होली हेल' निघाली, तीत अकरा गाणी आहेत.

हे कळल्यावर दार ठोठावून "आवाज कमी कर" म्हणण्याची माझी सोय गेली. एका रात्री मी सरळ त्याच्या खाटेवर जाऊन बसलो.

पहिल्या दोन गाण्यांत मला केवळ भिंती पडत असल्याचा भास झाला. मग पुतण्याने माझा हात धरून टेबलावर मात्रा मोजायला लावल्या. त्याच्या बापाने त्याला लहानपणी तबल्याचे चार धडे दिले होते, ते असे उपयोगी आले. झांज सरळ चारच्या हिशेबाने चालते. गिटारच्या जाड तारा खाली उतरवून लावलेल्या असतात आणि त्या तळहाताने दाबून छेडतात, त्यामुळे त्यांचा स्वर निघतो तो ठोक्यासारखा तुटक. हे ठोके आणि पायाने वाजणारा मोठा ड्रम एकमेकांना चिकटून त्या चारांना तिरके जातात. कुठे तीन, कुठे पाच, मध्येच एक श्वासभर शांतता. आता हे चुकले असे वाटते, तोच सगळे समेवर येऊन आदळतात. मी नकळत मान हलवली. पुतण्या हसला. बऱ्याच दिवसांनी.

आणि त्या आदळण्यानंतर चाल उघडते. सॅम कार्टर या गायकाच्या ओरडण्यातही स्वर असतो, हे मला तेव्हा ऐकू आले. तो स्वर लांबतो, मागून तंतुवाद्ये येतात. (ती मला दोनतीन ठिकाणी जास्त वाटली. बासुंदीत साखर वर आणखी घालावी तशी.) 'द सेव्हन्थ सर्कल'मध्ये मात्र गोडव्याचा लवलेश नाही. पुरती दोन मिनिटेही नसलेला तो नुसता थयथयाट आहे. 'अ वेस्टेड हिम' हे शेवटचे गाणे जे हळवे वाटते, ते बरेचसे त्याच्यामुळे.

गाण्यात हिशेब शिरला की भाव पळतो, असे मी वर्गात पुष्कळदा ठासून सांगितले आहे. सांगताना मला कालिदासाची आठवण व्हायला हवी होती. अजाचा विलाप असो की रतीचा, दोन्ही त्याने वियोगिनी वृत्तात बांधले. एका चरणात दहा अक्षरे, दुसऱ्यात अकरा, लघुगुरू ठरलेले. बायको गेली, नवरा गेला, तरी गणांचा हिशेब चुकत नाही. ब्रायटनच्या पोराने ड्रमवर हेच केले.

"भावाने सुरू केलेल्या गाण्यावर हा ठेका कसा धरत असेल?" मी विचारले.

"त्याला रडायची सोयच नाही, काका. तो चुकला तर सगळेच चुकतात."

हे तो डॅनविषयी बोलत होता. मी काही बोललो नाही.

परवा रविवारी त्याने बापाचा तबला माळ्यावरून खाली काढला. पावसाने पुडी नरमली होती, वाद्या सैल पडल्या होत्या. हातोडीने पुष्कळ ठोकले, पण सूर काही चढेना. उद्या दुरुस्तीला नेऊ म्हणालो आहे. दुकान आठला बंद होते, तेव्हा शेवटचा तास संपताच निघायला हवे.