पौष, माघ, फाल्गुन

विदर्भाच्या क्रिकेट संघाने रणजी करंडक आजवर तीन वेळा जिंकला. पंचांग उघडून पाहिले, तर १ जानेवारी २०१८ हा दिवस पौषातला, ७ फेब्रुवारी २०१९ हा माघातला आणि २ मार्च २०२५ हा फाल्गुनातला निघतो. म्हणजे ज्या महिन्यांत वऱ्हाडात कापसाची वेचणी उरकत येते, तुरीच्या गंजी लागतात आणि पहाटेच्या गारठ्यात हरभऱ्याच्या घाट्यांवर दहिवर चमकते, त्याच महिन्यांनी या संघाचा सारा भाग्योदय आपल्या पदरी घेतला आहे. पौषात आपल्याकडे लग्नमुंजी काढण्याची चाल नाही. परंतु १९५७-५८ च्या मोसमापासून ‘विदर्भ’ या नावाने खेळू लागलेल्या आणि साठ वर्षे ताटकळत राहिलेल्या संघाचे पहिले मंगलकार्य पौषातच उरकले, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

या तारखा हिवाळ्यात पडतात त्याला केवळ नियामक मंडळाचे वेळापत्रक कारण नाही. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, आश्विन सरेपर्यंत पाय धरते आणि पुढे चैत्र-वैशाखात अशी भेगाळते की तिच्यावर चेंडू कोठून कसा उसळेल याचा नेम राहत नाही. उन्हाळ्यात तर अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दिवसभर क्षेत्ररक्षणास उभे राहणे ही शिक्षाच होय. दिवाळी झाली की मात्र मैदान आवळते, हवा कोरडी होते, आणि सकाळच्या पहिल्या तासात, खेळपट्टीतला ओलावा अद्याप उडालेला नसताना, नवा चेंडू हवेतही वळतो आणि टप्प्यावरही हलतो. मध्यमगती गोलंदाजाचे राज्य असते ते या तासाभराचे. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये नेमके याच्या उलट घडते. तेथील मोसम वसंतात उघडतो व शरदात मिटतो, आणि त्या संघांच्या इतिहासातील हिवाळी तारखा बहुशः दप्तरातल्या, म्हणजे करारमदारांच्या व खेळाडूंच्या खरेदीविक्रीच्या असतात. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे विकल्याचा करार २६ डिसेंबर १९१९ चा आहे. १९१८ साली जिंकलेले अजिंक्यपद बोस्टनकरांना त्यानंतर पुन्हा दिसले ते थेट २००४ साली. त्यांचा हिवाळा कागदावर घडतो, आपला मैदानावर. त्यामुळे आपल्या हिवाळी तारखांना घामाचा वास आहे आणि त्या जपण्याची आपली जबाबदारीही अधिक आहे.

आता माझे मत. करंडक हाती आला त्या तीन तारखा सर्वांच्या तोंडी आहेत. परंतु विदर्भाच्या क्रिकेटचे खरे स्थित्यंतर ज्या दिवशी झाले, तो दिवस या तिहींपैकी एकही नव्हे. तो दिवस २१ डिसेंबर २०१७ चा, गुरुवारचा, आणि स्थळ कलकत्त्याचे ईडन गार्डन्स.

उपांत्य सामना होता तो, आणि समोर कर्नाटकाचा मातब्बर संघ. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने करुण नायरच्या १५३ धावांच्या बळावर ३०१ पर्यंत मजल मारली, आणि इतक्या पिछाडीनंतर, जुन्या अनुभवानुसार, आपल्या लोकांनी मनातल्या मनात निरोपाची तयारी करावयास हरकत नव्हती. कारण जुना अनुभव तसाच होता: वर्षानुवर्षे प्लेट गटात खितपत पडणे, क्वचित वर चढणे, चढल्यावर एखाद्या बलाढ्य संघाकडून मार खाऊन परत फिरणे, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आपला पराभव वाचणे. परंतु दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा जमविल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटकाचे ७ गडी १११ धावांवर परतले होते. जिंकण्यास ८७ धावा हव्या होत्या आणि ३ गडी शिल्लक होते. आकडे विदर्भाच्या बाजूचे; पण इतक्या वर्षांची हार ज्यांच्या हाडीमासी मुरली आहे, त्यांना अशी रात्र किती लांब वाटते हे निराळे सांगावयास नको.

पाचव्या दिवशी सकाळी विनयकुमारने ठोकाठोक आरंभिली, अभिमन्यू मिथुनने त्याच वृत्तीने हात चालविला, आणि एका टोकाला श्रेयस गोपाळ खुंटा रोवून बसला. लक्ष्य पन्नासावर आले, तिसावर आले, मग दहाच्या आत आले. उरलेले तिन्ही गडी रजनीश गुरबाणीने घेतले. डावात ६८ धावांत ७, सामन्यात एकंदर १२. हा गोलंदाज शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्याच्या चेंडूला प्रचंड वेग नाही, परंतु टप्पा अचूक आणि चेंडू शेवटच्या क्षणी वळविण्याची हातोटी विलक्षण. कर्नाटकाचा डाव १९२ वर संपला आणि विदर्भ ५ धावांनी विजयी झाला. या ५ धावा मला पुढील साऱ्या करंडकांहून मोठ्या वाटतात, कारण सामना अगदी निसटत असतानाही तो धरून ठेवता येतो, ही विद्या विदर्भाच्या संघाला त्या सकाळी प्रथम अवगत झाली. करंडक हा पुष्कळदा सामर्थ्याचा हिशेब असतो. सामर्थ्यावर विश्वास बसण्याचा क्षण त्याच्या अगोदर केव्हातरी येऊन गेलेला असतो, आणि इतिहासाने नोंद करावी ती त्या क्षणाची.

त्यानंतरचा अंतिम सामना इंदूरच्या होळकर मैदानावर २९ डिसेंबरला सुरू झाला. या मैदानाच्या नावाशी आपले एक जुने देणेघेणे आहे. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार कर्नल सी. के. नायडू नागपुरास ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मले, तेथील मातीवर खेळले, आणि पुढे होळकर दरबाराने त्यांना इंदुरास बोलावून आपल्या लष्करात हुद्दा दिला. त्यांच्या कर्तृत्वाचा लखलखाट त्यामुळे होळकरांच्या नावे जमा झाला. त्या काळी आपला संघ ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ या नावाने खेळे आणि त्याच्या पदरी यशाचे माप फारसे पडले नव्हते. नागपूरच्या या थोर पुत्राने ज्या नगरीला कीर्ती दिली, त्याच नगरीत विदर्भाला पहिला करंडक लाभावा, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

या सामन्यात उमेश यादव नव्हता, तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. विदर्भाकडून कसोटी खेळणारा तो पहिला गोलंदाज, आणि आयत्या वेळी त्याच्यावाचून दिल्लीशी झुंजावयाचे. अशा प्रसंगी ज्या कोवळ्या पोराला रणजीचे पदार्पण अंतिम सामन्यातच करावे लागले, तो आदित्य ठाकरे आपल्या अकोल्याचा. पुढच्याच महिन्यात न्यूझीलंडमधील एकोणीस वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकासाठीही त्याला बोलावणे आले. दिल्लीच्या पहिल्या डावात ध्रुव शोरेने १४५ धावा केल्या, परंतु ३० डिसेंबरला गुरबाणीने सलग तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडविले आणि त्यांतला तिसरा खुद्द शोरे होता. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅटट्रिक त्याआधी केवळ एकदा, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमने १९७२-७३ च्या मोसमात, साधली होती. पुढे अक्षय वाडकरने १३३ धावांची खेळी केली, आदित्य सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ धावा जोडल्या, विदर्भाची धावसंख्या ५४७ वर गेली, आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी ९ गडी राखून सामना आपला झाला. विजयी फटका वसीम जाफरचा. कर्णधार फैज फझल, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित.

दुसरा करंडक नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर आला आणि त्याविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. सौराष्ट्रापुढे २०६ धावांचे लक्ष्य होते, चौथ्या दिवसाअखेर त्यांचे ५ गडी ५८ धावांवर गेले होते, आणि ७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी सर्व संघ १२७ धावांत गारद झाला. विदर्भ ७८ धावांनी विजयी. सरवटेने सामन्यात ११ गडी टिपले आणि चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एका धावेवर रोखले. एकदा जिंकणे दैवाचे मानणारे लोक असतात. लागोपाठ दुसऱ्या वर्षी जिंकल्यावर त्यांना बोलावयास जागा उरली नाही.

तिसरा मात्र सविस्तर विचार करण्याजोगा आहे. २०२५ चा अंतिम सामना महाशिवरात्रीस, २६ फेब्रुवारीला, जामठ्यास सुरू झाला आणि केरळचा संघ प्रथमच अंतिम फेरीत आला होता. त्या केरळकडून खेळत होता आपलाच सरवटे. पाच दिवसांपूर्वी, २१ फेब्रुवारीला, विदर्भाने नागपुरास मुंबईला ८० धावांनी हरविले, त्याच दिवशी अहमदाबादेस केरळने गुजरातवर अवघ्या २ धावांची आघाडी मिळवून अंतिम फेरी गाठली होती, आणि गुजरातचा शेवटचा गडी सरवटेच्याच चेंडूवर गेला होता. अंतिम सामन्यात त्याने केरळसाठी ७९ धावा केल्या. इंदुरास विदर्भासाठी केलेल्या धावाही ७९ च. विदर्भाच्या बाजूने पाहावे, तर दानिश मालेवारने पहिल्या डावात १५३ धावा केल्या. दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायर हा तोच, ज्याने ईडन गार्डन्सवर आपल्याविरुद्ध १५३ धावा केल्या होत्या. आणि इंदुरास दिल्लीकडून शतक ठोकणारा ध्रुव शोरेही आता आपल्या संघात होता. ३७ धावांच्या पहिल्या डावातील आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ गडी बाद करून रणजीच्या इतिहासातला उच्चांक केला, यश राठोडने ९६० धावा केल्या, आणि इंदूरचा शतकवीर वाडकर या वेळी कर्णधार होता.

बाहेरून आलेल्या खेळाडूंच्या जोरावर मिळविलेले यश आपले कसे म्हणावे, असा आक्षेप नागपूर-मुंबईकडील काही जाणकार घेतात. मला तो मान्य नाही. जाफर आला तेव्हा त्याने केवळ धावा आणल्या नाहीत, डाव कसा बांधावा याची रीत आणली. आणि मालेवार, राठोड, दुबे ही मंडळी त्या रीतीत वाढली. शिवाय जाण्याची वाट जर मोकळी आहे, तर येण्याची वाट बंद करणे शोभत नाही. अमरावतीचा जितेश शर्मा, ज्याने पुढे भारतीय संघापर्यंत मजल मारली, तो आज बडोद्याकडून खेळतो. त्याबद्दल अमरावतीकराने खंत जरूर करावी, रोष धरू नये.

पराभवाच्या हिवाळी तारखाही नोंदवहीत असाव्यात, असे मी आग्रहाने म्हणतो. १८ जानेवारी २०२५ रोजी बडोद्यास विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने विदर्भाला ३६ धावांनी नमविले. बरोबर एका वर्षाने, १८ जानेवारी २०२६ रोजी, बंगळूरला त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विदर्भाने सौराष्ट्राला ३८ धावांनी हरवून तो करंडक प्रथमच जिंकला, आणि १२८ धावांची खेळी केली अकोल्याच्या अथर्व तायडेने. पहिली तारीख पुसली, तर दुसरीचा अर्थ निम्मा होतो. याच तायडेने ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यास इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ धावा करून विदर्भाच्या विजयाचा पाया घातला होता.

येथे वऱ्हाडचा प्रश्न येतो. विदर्भाच्या क्रिकेटचा इतिहास लिहिला जातो तो नागपुरात बसून, आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू आहे असे नाही. मुख्य कचेरी तेथे, मोठी मैदाने तेथे, दप्तर तेथे. परंतु ठाकरे आणि तायडे नागपूरच्या मैदानावर उतरण्यापूर्वी अकोल्याच्या मातीवर, जितेश अमरावतीच्या मातीवर, शेकडो सामने खेळले असतील, आणि त्या सामन्यांच्या तारखा कोणाजवळ आहेत? अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे, कारण त्या मंडळाने, १९१४ च्या स्थापनेपासून, आपल्या कार्याची नोंद ठेवण्याचा वसा घेतला. क्रिकेटच्या बाबतीत तसे घडलेले नाही. जिल्हा पातळीवरील सामन्याचे स्कोअरबुक म्हणजे आडव्या लांबट पानांची, जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक षटकाच्या चौकोनात सहा खुणा, निर्धाव चेंडूस टिंब, बळीस फुली, आणि सहाही टिंबे पडली की ती जोडून गुणलेखकाने काढलेला ‘एम’. त्यात कोणी किती धावा केल्या एवढेच नसते. कोणत्या षटकात फलंदाज चाचपडला, कोणत्या षटकापासून त्याचा हात सैल झाला, हे सारे वाचता येते. अशा वह्या मोसम संपला की पेटीत पडतात, पेटी क्लबाच्या खोलीत, आणि खोलीला रंग देण्याची वेळ आली की रद्दीत.

म्हणून अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर येथील क्लबांच्या चिटणिसांना आणि ज्यांनी या मुलखात पंच किंवा गुणलेखक म्हणून उमेदीची वर्षे घालविली त्या वयस्क मंडळींना माझी विनंती आहे. आपल्या घरी जुने स्कोअरबुक असेल, तर ते रद्दीवाल्यास देऊ नका. प्रत्येक सामन्याच्या पानावर तारीख, मैदान, दोन्ही कर्णधार आणि गुणलेखक यांची नावे सुवाच्य अक्षरात भरा, पानांची छायाचित्रे काढून ठेवा, आणि मूळ वही जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात पोच घेऊन जमा करा. हे काम येत्या संक्रांतीपूर्वी करावे.