नाव पाटीवर नव्हे, जिभेवर!

१ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी दोन शहरांच्या ललाटी दोन निराळे लेख लिहिले गेले. भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि बेळगाव, लोकेच्छा पायदळी तुडवून, म्हैसूर राज्याच्या दावणीला बांधले गेले. आमच्या शहापूरचा एक नामबंधू भोपाळातही आहे. त्याला शाहपुरा म्हणतात. त्याच भोपाळने येवल्यास जन्मलेल्या आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फासावर गेलेल्या तात्या टोप्यांचे नाव एका मोठ्या वस्तीला दिले. परंतु नित्याच्या बोलण्यात त्या वस्तीला म्हणतात काय? टी. टी. नगर! ते नाव पुसण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. केवळ जिभेच्या आळसाने सत्तावनचा सेनापती दोन अक्षरांत गाडला गेला!

आता आपला किर्लोस्कर रोड पाहा. लक्ष्मणरावांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान थाटले. पुढे नगरपालिकेच्या विस्तारयोजनेत कारखान्याची जागा गेली आणि १९१० साली औंधच्या राजाच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण रस्त्याने धन्याचे नाव सोडले नाही. ते कोणत्या फर्मानाने टिकले? लोकांच्या तोंडी राहिले म्हणूनच टिकले!

हाच रस्ता धर्मवीर संभाजी चौक आणि हुतात्मा चौक यांना जोडतो. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारात ज्यांनी देह ठेवला, त्यांची स्मृती या चौकाच्या नावात जागती आहे. पुढे रामदेव गल्लीतून गेले की संयुक्त महाराष्ट्र चौक येतो. म्हणजे शहराच्या मध्यावरची ही पाऊलवाट हाच आमच्या लढ्याचा संक्षिप्त इतिहास होय.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे ‘बेळगावी’ करण्यात आले. पाट्या रंगविणे सत्तेच्या हाती आहे. मराठी माणसाची जीभ मात्र सत्तेच्या हाती नाही. पण तीच जीभ आपण होऊन आळसावली, तर दोष कोणाला द्यावा? लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पावतीवर, मुलांच्या वहीवर आपण आपल्या गल्लीचे नाव मराठीत आणि पूर्ण लिहितो काय? हुतात्मा चौकातून जाताना हाताशी धरलेल्या पोराला हुतात्मे कोण, हे सांगतो काय?

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. निकाल न्यायमूर्ती देतील. परंतु ही भूमी कोणाची, याची साक्ष रोज सकाळी पत्ता सांगताना आपणच द्यावयाची आहे. सीमाबांधवांनो, ती साक्ष अर्धवट देऊ नका!