कशावरून?

परप्रांतात बदलून आलेल्या मराठी गृहस्थाला आपल्या मुलांच्या मराठीची चिंता असते, आणि ती रास्तच आहे. पण भाषा टिकली आणि त्या भाषेत सप्रमाण बोलता आले नाही, तर टिकले ते काय? गणेशोत्सवातील वक्तृत्वस्पर्धा पाहाव्या. पाठ केलेले भाषण, दोनचार थोरांची वचने, शेवटी आवाजाची चढती पट्टी, बक्षीस त्यालाच. ‘कशावरून?’ असे परीक्षक एकदाही विचारीत नाहीत.

रायपुरात राहणाऱ्या मराठी मुलांना तरी ही हयगय परवडणार नाही. भोसल्यांचे राज्य म्हणजे नुसती लूट, असे उद्या कोणी सोबती म्हणाला तर आपला मुलगा काय उत्तर देईल? घरी ऐकलेलेच देईल: ‘बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरच्या रामटेकरीवर राममंदिर बांधले, ते राज्य वाईट कसे?’ आधार खरा मानला, तरी त्यातून निष्कर्ष निघत नाही. देवालय राजाच्या भक्तीची साक्ष देईल. रयतेवरील साऱ्याच्या ओझ्याविषयी ते मुके आहे. त्यासाठी सारा किती होता, वसूल कसा होई, गावे वसली की ओस पडली, हे पाहावे लागते. पुरावा आणि सिद्धांत यांना जोडणारा हा दुवा आपण मुलांना शिकवीतच नाही.

आता प्रतिपक्षाकडे पाहू. तो मेजर अ‍ॅग्न्यूचा १८२० चा अहवाल पुढे करील. १८१८ साली छत्तीसगडचा कारभार इंग्रजी देखरेखीखाली गेला, त्या व्यवस्थेचा हा अधिकारी. आधीच्या कारभारातील दोष दाखविण्यात त्याचा स्वार्थ होता, हे मुलाने अवश्य म्हणावे. मात्र स्वार्थी साक्षीदार खोटाच बोलतो असे नाही. त्याची साक्ष दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहायची असते. १७९५ साली कॅप्टन ब्लंट रतनपूर व रायपूर या मार्गाने गेला. तोही कंपनीचाच माणूस, पण या सुभ्याच्या कारभाराची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. शिवाय बिंबाजी १७८७ साली वारले. त्यांची राजवट आणि नंतरची सुभेदारांची अमदानी एकाच मापाने मोजता येत नाही. एवढा विवेक केल्यावर निर्णय आपल्याला अप्रिय निघाला, तर तो मान्य करण्याचे धैर्यही मुलाला असले पाहिजे. पूर्वजांचा अभिमान पुराव्याला भीत असेल, तर तो अभिमान नव्हे, हट्ट आहे.

हे सारे पाश्चात्त्य खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ उघडावा. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या मीमांसकांच्या कसोट्या त्यांनी आरंभीच दिल्या आहेत. त्यांतील ‘उपपत्ती’ म्हणजे बाधक प्रमाणांचे खंडन आणि साधक प्रमाणांची तर्काने मांडणी. या ग्रंथाचे हिंदी भाषांतर करणारे माधवराव सप्रे मराठीभाषक, आणि शिकले याच रायपुरात. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले आणि त्यात पुस्तकांची परीक्षणे लिहून हिंदी समीक्षेचा पाया घालण्यास हातभार लावला. अशी परंपरा असताना आपल्या मुलांनी तयार उत्तरांच्या पुस्तकांतून मते उसनी घ्यावी काय?

‘कशावरून?’ विचारणारी मुले उद्धट होतात, हा दुसरा आक्षेप. वस्तुतः आधाराची सवय माणसाला नम्र करते, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडल्याशिवाय त्याचे खंडन करता येत नाही. उद्धट होतो तो ज्याच्यापाशी आवाजाखेरीज काही नसते.

आणि हे आपणांस कोणी शिकवावे? आपल्यापैकी कितीतरी जण नस्तीवर टिपणी लिहिताना नियमाचा आणि मागील आदेशाचा संदर्भ दिल्याशिवाय सही करीत नाहीत. तेच गृहस्थ घरी मुलाच्या प्रश्नाला ‘मी सांगतो म्हणून’ एवढेच उत्तर देतात. कचेरीत जे पत्करणार नाही, ते घरात का चालवावे?

तेव्हा येत्या स्पर्धेपासून मंडळांनी एवढे करावे: निम्मे गुण आधाराला आणि युक्तिवादाला द्यावे, विषयाची बाजू ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरवावी, आणि भाषण संपताच परीक्षकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: कशावरून? टाळ्या कमी पडतील, पडू द्याव्या.