ठासणीची बंदूक : घ्यायची तर कोणती आणि कशासाठी?



ज्वारी चिकात आली की रानडुकरांना आवतण द्यावे लागत नाही. कळप रात्रीतून येतो, खातो थोडे आणि लोळून, तुडवून नासतो जास्त. तुरीचे शेंडे आणि कपाशीची पाती रोह्यांनी खुडली की त्या तासातले उत्पन्न गेले. कोरडवाहू शेतकऱ्याला दुसरे पाणी नाही आणि दुसरे पीकही नाही. एका हंगामात हाती येईल तेवढ्यावर वर्ष काढायचे. म्हणून तो थंडीत मचाणावर जागल करतो, डबे बडवतो, फटाके उडवतो, घरातल्या जुन्या लुगड्यांचे कुंपण करतो. आठ दिवसांत जनावराला कळते की लुगडे चावत नाही.

मग काही जण धुऱ्यावरच्या तारेत वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर लागते तसा वाघ लागतो, शेजाऱ्याचा बैल लागतो आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही लागतो. पीक वाचवायला गेलेला माणूस मनुष्यवधाच्या गुन्ह्यात तुरुंगात जातो आणि दोन घरे बसतात. चोरट्या तारेपेक्षा परवान्याची बंदूक शंभर पटीने बरी. कारण बंदुकीमागे माणूस असतो आणि समोर काय आहे ते पाहून तो चाप ओढतो. तार काही पाहत नाही.

बंदूक म्हटली की साहेबाच्या कपाळाला आठी पडते. शेतकऱ्याने बंदूक मागणे म्हणजे काही वावगे, असा समज कचेरीत आहे. तो समज १८७८ च्या इंग्रजी कायद्याचा. स्वतंत्र देशाने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला आणि त्याच्या कलम १३, पोटकलम ३ मध्ये स्वच्छ लिहून ठेवले की पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर अधिकाऱ्याने तो द्यावा. 'देता येईल' असे नाही, 'द्यावा' असे. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर साध्या नळीची दुसरी बंदूकही देता येते. कलम १४ मध्ये नाकारण्याची कारणे आहेत : अर्जदार अयोग्य असणे, सार्वजनिक शांततेला धोका असणे वगैरे. पण त्याच कलमात असेही आहे की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. दोन एकरवाल्याने हे वाक्य पाठ करून ठेवावे. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि कलम १८ प्रमाणे अपील करता येते. तोंडी 'होत नाही' ऐकून परत येऊ नका. अर्जाची पोच घ्या.

एक अट आधीच सांगतो. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आगाऊ संमती लागते. तिथे आधीचा परवाना असेल तर परवानाधारकाच्या नावाची नोंदही करावी लागते. टिपेश्वरच्या किंवा मेळघाटच्या कडेच्या गावांनी हे लक्षात ठेवून अर्ज करावा. नाही तर कागद वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही मागितला आहे. परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती पाच वर्षे झाली.

आता बंदूक कोणती घ्यावी? माझे मत स्पष्ट आहे. एकनळी, साध्या नळीची, टोपीवर उडणारी, परवानाधारक कारखान्याची.

अमेरिकेत ठासणीच्या रायफलीने हरणे मारण्याचा वेगळा हंगाम असतो. तिथे तो शौक आहे. आपल्याकडे १९९१ च्या दुरुस्तीनंतर शौकाची शिकार उरली नाही. पिकाच्या बाबतीतला कायदाही ठासणीची किंवा साध्या नळीची बंदूक म्हणतो. आपल्या सपाट रानात रायफलीचा विचार करूच नये. तिची गोळी दूर जाते आणि तीन धुरे ओलांडून कोणाच्या जागलीच्या खोपीत शिरेल ते सांगता येत नाही. छऱ्याचा जोर थोड्या अंतरात सरतो. आपल्याला लांबचा नेम नको, जवळचा धाक हवा.

चकमकीच्या बंदुकीची दारू पावसाळी हवेत ओल धरते आणि ऐनवेळी दगा देते. टोपीची त्या मानाने भरवशाची. दुनळी घेऊ नका. अंधारात कोणती नळी भरली आणि कोणती रिकामी याचा घोळ होतो, एका नळीत दोनदा दारू पडते आणि नळी फुटते. काडतुसाची बंदूक भरायला सोपी आणि झटपट, पण किंमत जास्त आणि काडतुसांचा खर्च दर हंगामाला. कर्ज काढून ती घेण्यात अर्थ नाही.

स्वस्त घ्यावी, पण सगळ्यात स्वस्त घेऊ नये. बिहारमधले मुंगेर परवाना असलेल्या बंदूक कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि चोरट्या मालासाठीही. गावठी कट्टा अर्ध्या किमतीत मिळतो, पण तो सापडला की शेत राखणारा शेतकरी गुन्हेगार ठरतो आणि फुटला की बोटे जातात. बंदूक परवानाधारक दुकानातूनच घ्या. नळीवर कारखान्याचे नाव, क्रमांक आणि चाचणीचा शिक्का कोरलेला पाहा. तोच क्रमांक परवान्यावर चढवून घ्या. जुनी घेत असाल तर नळी सोडवून उजेडाकडे धरा. आत गंजाचे खड्डे, फुगवटा किंवा चीर दिसली तर फुकट दिली तरी नको. घोडा अर्धा ओढून ठेवा आणि चाप दाबा. घोडा सुटला तर ती बंदूक कोणाचा तरी जीव घेणार. टोपी बसते ते निपल झिजलेले नसावे. दस्ता तडकलेला नसावा.

वापराचे चार नियम आहेत आणि त्यांत सूट नाही. एक, या बंदुकीत काळी दारूच. काडतुसातली बिनधुराची दारू काढून ठासली की नळी फुटते. दोन, शिंगातून किंवा बाटलीतून दारू थेट नळीत ओतू नका. आधीच्या बाराचा निखारा आत असतो. मापाने घाला, आणि तोंड नळीवर आणू नका. तीन, गजावर रिकाम्या नळीची खूण करून ठेवा. गज घातला की नळी भरली आहे की रिकामी ते खुणेवरून कळते. चार, टोपी वाजली आणि बार झाला नाही तर नळी मोकळ्या जागेकडे धरून मिनिटभर थांबा. बार उशिराने होतो. काम झाले की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा. काळ्या दारूची काजळी ओल ओढते आणि नळी खाते. बंदूक, दारू आणि टोप्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा कुलपात, वेगवेगळ्या ठेवा.

बंदूक हाती आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असे मात्र समजू नका. हे दोन वेगळे कागद आहेत. शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी देतात, जनावर मारायची परवानगी वनखाते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर लेखी परवानगी देता येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्याकडे नळी वळवू नका. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता असते. मांस वाटून घेतले की गुन्हा. आपल्या वावरात परवान्याच्या बंदुकीतून नुसत्या दारूचा बार काढून कळप हुसकावणे बहुतेक रात्री पुरते. बारीक छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर पहाटे वेचणीला आलेल्या बाईवर चालून जाते.

एका बाराची बंदूक वीस डुकरांचा कळप थोपवणार नाही, हेही खरे. म्हणून घरटी बंदूक नको. शिवाराच्या चारी बाजूंना चार जबाबदार परवानाधारक, आळीपाळीने जागल आणि सर्वांची वर्गणी, हे जमले तर खर्चही वाटला जातो आणि दारूबाज हातात बंदूक जात नाही. बंदूक मात्र ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानेच चालवायची.

सरकारकडे मागायचे ते तीन शब्दांत मागू : परवाना, परवानगी, पीक. पिकाच्या परवान्याच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी निर्णय द्या. केरळने २०२२ साली रानडुकरांच्या बाबतीत परवानगीचे अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांना दिले, परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली आणि विष, स्फोटके, विजेची तार यांना मनाई केली. तसे इथे का होऊ नये? तिसरी गोष्ट निवडणुकीची. निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. तो काळ कपाशी वेचणीचा आणि तूर फुलण्याचा. मतदारांना धाक घालणारी बंदूक कोणती आणि डुकरांना घालणारी कोणती, हे प्रत्येक परवान्याचा विचार करून ठरवा. सरसकट जमा करू नका. डुकरांना आचारसंहिता लागू होत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत : किती अर्ज केले, किती मंजूर झाले, किती तोंडी परत पाठवले. पोच नसलेला अर्ज मोजू नका. आणि गावात कोणी तारेत वीज सोडत असेल तर त्याला आजच रात्री थांबवा. बंदुकीचा परवाना यायचा तेव्हा येईल, शेजाऱ्याचा जीव परत येणार नाही.