प्रेमात पडलेले पिशाच आणि भयकथा

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या व्हॅम्पायर प्रेमकथांनी भयकथेचा घात केला, हा आरोप गेली पंधरा-वीस वर्षे होत आला आहे. त्याचा रोख मुख्यतः स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेवर असतो. तिचे चार भाग २००५ ते २००८ या काळात आले, २००८ मध्येच पहिला चित्रपट आला आणि पाठोपाठ दूरचित्रवाणीवर त्याच धाटणीच्या मालिका सुरू झाल्या. हिंदीत २०१० साली स्टार वनवर सुरू झालेली ‘प्यार की ये एक कहानी’ त्यांपैकीच. आरोप असा : ज्याच्या सावलीलाही उभे राहू नये, तो रक्तपिपासू आता वर्गातला देखणा, अबोल मुलगा झाला. उन्हात जळायचा तो चमकू लागला. माणसाचे रक्त सोडून जनावरांच्या रक्तावर भागवू लागला. ज्याची भीती वाटायची त्याच्याच प्रेमात वाचक पडू लागल्यावर भयकथेत उरले काय?

आरोपाचा पहिला आधार इतिहासाचा आहे, आणि तोच सर्वांत कच्चा आहे. व्हॅम्पायर आधी भयानक होता आणि अलीकडे तो प्रेमकथेत ओढला गेला, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात इंग्रजी साहित्यात तो आला तोच मोहात पाडणारा म्हणून. जॉन पॉलिडोरीच्या १८१९ मधील कथेतला लॉर्ड रुथवेन हा उच्चभ्रू बैठकींत वावरणारा सरदार आहे. तो नायकाच्या बहिणीशी लग्न करतो आणि तिचा जीव घेतो. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ १८७२ ची. तिच्यात एक तरुण मुलगी दुसरीच्या घरी पाहुणी म्हणून राहते, तिच्यावर जीव टाकते आणि तिचे रक्तही पिते. त्या दोन गोष्टी कथेत वेगळ्या काढताच येत नाहीत. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ यानंतर पंचवीस वर्षांनी, १८९७ मध्ये आला. उन्हाचीही तीच गत. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर भरदिवसा फिरतो. दिवसा त्याची शक्ती कमी होते इतकेच. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर नष्ट होतो हा नियम १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने रूढ केला. म्हणजे मेयर यांनी मोडलेला नियम त्या वेळी शंभर वर्षांचाही नव्हता.

भयकथा मेली, हेही खरे नाही. ‘ट्वायलाइट’ पडद्यावर आला त्याच वर्षी ‘लेट द राइट वन इन’ हा स्वीडिश चित्रपट आला. पुढे २०१४ मध्ये ‘द बाबाडूक’ आणि ‘इट फॉलोज’ आले. मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ २०१७ मध्ये चित्रपटगृहांत लागला आणि पुढच्याच वर्षी हिंदीत राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. यांपैकी एकालाही प्रेमकथांच्या लाटेने अडवले नाही.

तरीही आरोप करणाऱ्यांची अस्वस्थता खोटी नाही. त्यांनी दोष चुकीच्या जागी दाखवला आहे. भयकथा प्रेमाने दुबळी होत नाही, ती सवलतींनी दुबळी होते, आणि ‘ट्वायलाइट’मध्ये या सवलती एकामागून एक मिळत जातात. नव्याने व्हॅम्पायर झालेल्याला वर्षभर तहान आवरत नाही, तो आप्तांचाही गळा धरील, हे तिसऱ्या भागापर्यंत पुन्हापुन्हा बजावले जाते. अशा नवजातांची फौजच तिथे चालून येते. चौथ्या भागात नायिका बेला स्वतः व्हॅम्पायर होते. पहिल्याच शिकारीत तिला माणसाचा वास येतो आणि ती स्वतःला सावरून दूर निघून जाते. आईवडिलांना कायमचे मुकावे लागेल, हीच तिची मोठी चिंता होती. पण वडिलांचे येणेजाणे चालूच राहते. बेलाने नाकारलेल्या जेकबचे दुःखही लेखिका परस्पर मिटवून टाकते. अमरत्व, रूप, मूल, माहेर सगळे मिळते आणि काहीच जात नाही. इथे भयकथेवर अन्याय झालाच, पण प्रेमकथेवरही झाला. आपल्याला हवे ते मागताना काय गमवावे लागेल, हा प्रश्न सोळाव्या वर्षी जितका झोंबतो तितका क्वचितच कधी झोंबतो. त्या वयाच्या वाचकाला त्यापासून वाचवणे हा त्याचा सन्मान नव्हे.

याच्या उलट उदाहरण स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चे (१९७५). नारायण धारपांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे. किंगच्या कथेत नायकाचे जिच्यावर प्रेम बसले, तीच व्हॅम्पायर होते आणि तिच्या छातीत खुंटा त्यालाच ठोकावा लागतो. प्रेम वगळले तर तो प्रसंग निव्वळ रक्तपात उरेल. ‘लेट द राइट वन इन’मध्ये बारा वर्षांच्या एकाकी ऑस्करला एलीच्या रूपाने पहिल्यांदा सोबत मिळते. पण एलीसाठी माणसे मारून रक्त आणणारा थकलेला प्रौढ प्रेक्षकाने आधीच पाहिलेला असतो. ऑस्करचे पुढे काय होणार, हे कोणी बोलून दाखवत नाही आणि त्याची गरजही पडत नाही.

मराठी लोकसमजुतींत भय आणि जिव्हाळा यांची ही गाठ जुनीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावचा परिसर उसाचा. अशा भागात रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला जाणाऱ्यांना चकव्याची गोष्ट सांगावी लागत नाही : बांधावर ओळखीचा माणूस पुढे चालताना दिसतो, त्याच्या मागे जावे, तर उजाडेपर्यंत त्याच फडाभोवती फेऱ्या चालू राहतात. रात्री नाव घेऊन कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा दंडकही महाराष्ट्रभर ठाऊक आहे. हाक अनोळखी आवाजात आली तर मोह कसला? ती आईच्या, भावाच्या, गेलेल्या माणसाच्या आवाजात येते, म्हणूनच दंडकाची गरज पडते. ‘लपाछपी’तले एकाकी घर उसाच्या फडांत वेढलेले आहे आणि तिथल्या गरोदर नायिकेला घेरणारे भय मायेने वागणाऱ्या घरच्या बाईच्या आडून येते, हे या परंपरेला धरूनच आहे.

आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने (२०२४) तर किशोरवयीन प्रेमालाच भुताचे रूप दिले. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी मेला तर मुंजा होतो, ही समजूत. चित्रपटातला गोट्या आपल्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर जीव जडवून बसतो. तिचे लग्न ठरल्यावर तो अघोरी विद्येसाठी सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. पिढ्या उलटतात, पण हट्ट तसाच राहतो; आता त्याला मुन्नीच्या वंशातली बेला हवी असते. योगायोग असा की मेयर यांच्या नायिकेचेही नाव बेलाच. तिथे जवळजवळ नव्वद वर्षे रेंगाळलेले पौगंडावस्थेतले प्रेम आदर्श मानले आहे. इथे तेच प्रेम वाढ खुंटल्यामुळे भयंकर झाले आहे. चित्रपटात विनोद भरपूर असूनही मुंज्याची हाव कुठे सौम्य केलेली नाही. झी मराठीच्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वातही अण्णा नाईक आणि शेवंताचे प्रकरण इतके रंगले की भुतेखेते मागे पडली, अशी तक्रार करता येईल. पण त्या प्रकरणाने वाड्याची आणि शेवंताची जी राखरांगोळी होते, तिच्यातूनच पहिल्या पर्वातल्या भयाचा उगम उलगडतो.

सरपोतदारांचाच ‘थामा’ २०२५ च्या दिवाळीत आला. तो उघडपणे वेताळाची प्रेमकथा आहे, त्यामुळे ‘ट्वायलाइट’शी तुलना टाळता येत नाही. यातल्या वेताळांनी फाळणीच्या वेळची माणसांची हिंसा पाहून मानवी रक्त वर्ज्य केले आहे. वेताळाहून माणूस हिंस्र, ही कल्पना जोरकस आहे आणि ती या भूमीतलीही आहे. पण ती सोबत व्रतस्थ नायिका घेऊन येते, आणि तिच्या जवळ जाण्यात नायकाला धोका आहे असे फारसे वाटत नाही. मुंज्या बेलाच्या दिशेने सरकतो तेव्हा तिचे काय होणार याची खरी धास्ती वाटते. ‘थामा’तील नायक-नायिका एकत्र येतात तेव्हा फक्त ते सुखी व्हावेत असे वाटते.