दुर्दैव म्हणून मोकळे होण्यापूर्वी

३ मार्च २०२५ रोजी पद्माकर शिवलकर वयाच्या ८४ व्या वर्षी निवर्तले. त्यानंतर जे मृत्युलेख आमच्या वाचनात आले, त्यांपैकी बहुतेकांत एक शब्द ठरल्यासारखा होता: दुर्दैवी. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्माला आले म्हणून दुर्दैवी, एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले म्हणून दुर्दैवी. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, याविषयी आम्हांला शंका नाही. तरीही या शब्दाला आमची हरकत आहे आणि ती येथे सविस्तर नोंदवावी असे वाटते. अतिवृष्टीने पीक गेले तर त्याला दुर्दैव म्हणावे. चार-पाच जाणती माणसे एका खोलीत बसून अकरा नावे लिहितात आणि बारावे वगळतात, तेव्हा तो निर्णय असतो. आणि निर्णय म्हटला की त्याची कारणे विचारण्याचा अधिकार येतो.

प्रथम आकडे पाहू. शिवलकरांनी १९६१-६२ ते १९८७-८८ या काळात प्रथम दर्जाचे १२४ सामने खेळून ५८९ बळी घेतले, सरासरी १९.६९. त्यांचेच समकालीन, त्यांच्यासारखेच डावखुरे मंदगती गोलंदाज राजिंदर गोयल यांनी १५७ सामन्यांत ७५० बळी घेतले, सरासरी १८.५८. रणजी करंडकातील सर्वाधिक बळींचा विक्रम आजही गोयल यांच्याच नावावर आहे. दोघांच्याही कसोटी सामन्यांची संख्या शून्य.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, देशांतर्गत सामन्यांतील बळी फसवे असतात. मुंबईचा संघ बलाढ्य होता, फलंदाज धावांचा डोंगर रचून देत, मग गोलंदाजाला काय कठीण? हा आक्षेप शिवलकरांपुरता क्षणभर मान्य करू. मग गोयल यांचे काय? ते हरियाणासारख्या, त्या काळी दुबळ्या गणल्या जाणाऱ्या संघातून वर्षानुवर्षे गोलंदाजी करीत राहिले. त्यांच्या पाठीशी मुंबईची फलंदाजी नव्हती. तरीही दर सामन्यामागे दोघांचे बळी जवळजवळ सारखेच, पावणेपाचच्या घरात. बलाढ्य संघ हेच जर शिवलकरांच्या बळींचे रहस्य असेल, तर त्या संघाविना गोयल यांना ते कोठून सापडले? आणि १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला, म्हणजे परक्या मैदानावर, मुंबईने पहिल्या डावात अवघ्या १५१ धावा केल्या होत्या. धावांचा डोंगर तो नव्हे. तेथे शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. खेळपट्टी फिरकीला धार्जिणी होती, हे खरेच. पण ती दोन्ही संघांना सारखीच होती, आणि समोर वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे कसलेले गोलंदाज होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बेदी होते, मग जागा कोठे होती? बेदींच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही. ६७ कसोटींत २६६ बळी घेणाऱ्या त्या कलावंताला वगळून शिवलकरांना घ्यावयास हवे होते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ‘एका जातीचा एकच गोलंदाज’ हा नियम खरोखरच पाळला जात होता काय? प्रसन्ना आणि वेंकटराघवन हे दोघेही ऑफस्पिनर. तरी ते एकाच संघात अनेकदा खेळले. १९६७ साली एजबॅस्टनच्या कसोटीत तर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघेही एकत्र उतरले होते. म्हणजे जागा करावयाची ठरवली की होत होती. दोन ऑफस्पिनर चालतात आणि दोन डावखुरे चालत नाहीत, हा नियम कोणत्या ग्रंथात लिहिला आहे?

आणि १९७४ च्या नोव्हेंबरात तर ही सबबही उरली नाही. वेस्ट इंडीजविरुद्धच्या बंगळूर कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळण्यात आले. गोयल संघासोबत होते. सर्वांची समजूत अशी की, आता तरी त्यांचा योग आला. प्रत्यक्षात त्यांना बाहेर बसवून दोन ऑफस्पिनर आणि चंद्रशेखर यांना खेळवण्यात आले. तो सामना भारताने २६७ धावांनी गमावला. गोयल असते तर जिंकला असता, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न एवढाच: ‘बेदी आहेत’ हे कारण बेदी नसतानाही कसे लागू पडले?

पुढे १९७९ मध्ये बेदींची कारकीर्द संपली. त्या वेळी शिवलकर ३९ वर्षांचे होते, गोयल ३६-३७ चे. जागा ३१ वर्षांच्या दिलीप दोशी यांना मिळाली आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेऊन तिचे चीज केले. निवड योग्यच होती. पण ज्यांना तेरा वर्षे ‘थांबा’ म्हणून सांगितले, त्यांनाच चौदाव्या वर्षी ‘आता वय झाले’ म्हणून सांगण्यात आले, याला न्याय म्हणता येत नाही.

येथे आमच्या वाचकांपैकी काहींना एक जुनी तक्रार आठवेल. आपल्याकडच्या बैठकींत शिवलकरांचा विषय निघाला की, ‘मराठी माणसावर अन्याय’ हे पालुपद हमखास येते. ते सोडून द्यावे, अशी आमची नम्र सूचना आहे. गोयल मराठी नव्हते आणि त्यांच्या वाट्याला तेच आले. शिवाय १९७१ ते १९७४ या काळात भारताचे कर्णधार अजित वाडेकर होते. मराठी, मुंबईचे आणि शिवलकरांची गोलंदाजी जवळून पाहिलेले. प्रांताभिमानाने प्रश्न सोपा होतो, पण सुटत नाही.

मग आकड्यांवरूनच संघ निवडावा काय? असेही आम्ही म्हणत नाही. आमच्या इंदूरचेच उदाहरण घ्या. होळकर संघाचे चंदू सरवटे यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत ४९४ बळी मिळवले. कसोटीत मात्र ९ सामन्यांत अवघे ३. उलट, इंदूरच्याच मैदानांवर तयार झालेल्या नरेंद्र हिरवाणींनी जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणाच्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी घेतले, आणि पुढच्या १६ कसोटींत मिळून ५०. एका सामन्याचा आकडा डोळे दिपवतो, पण तो एका सामन्यापुरताच बोलतो. वीस वर्षांचा आकडा सावकाश बोलतो. त्याचे म्हणणे अधिक विश्वासार्ह असते, तरीही तो यशाची हमी देत नाही. सरवट्यांचा दाखला देऊन कोणी म्हणेल की, पाहा, देशांतर्गत आकडे व्यर्थ ठरले. आमचे उत्तर असे की, सरवट्यांना परीक्षेला बसू दिले गेले. निकाल काय लागला हा पुढचा भाग. दीर्घकाळ साचलेल्या आकड्यांनी मिळतो तो परीक्षेला बसण्याचा हक्क, उत्तीर्ण होण्याचा नव्हे. शिवलकर आणि गोयल यांना नाकारला गेला तो हाच हक्क.

हा सारा इतिहास झाला, असे समजून स्वस्थ बसावे तर तसेही नाही. इंदूरला जन्मलेले जलज सक्सेना यांनी २०२४ साली रणजी करंडकात ६,००० धावा आणि ४०० बळी असा दुहेरी टप्पा गाठला. तो गाठणारे ते पहिलेच खेळाडू. कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात अश्विन आणि जडेजा होते, हे आम्ही जाणतो. कदाचित हेच कारण पुरेसेही असेल. पण ते निवड समितीने सांगावे, आपण तिच्या वतीने तर्क लढवू नयेत.

२०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने गोयल आणि शिवलकर यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. होळकर संघाचे कर्णधार असलेल्या नायडूंनी आपली पहिली कसोटी १९३२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी खेळली होती. तिशी उलटून गेलेल्या गुणवंतांना ‘वय झाले’ म्हणून वाटेला लावल्यावर त्यांच्याच नावाची शाल पांघरावी, यातील विसंगती कोणाला जाणवली की नाही, कोण जाणे. सुनील गावसकरांनी मात्र ‘आयडॉल्स’ या पुस्तकात, जगातल्या नामांकित कसोटीवीरांच्या मालिकेत या दोघांना १९८३ सालीच स्थान दिले होते. ज्या फलंदाजाने त्यांना खेळून पाहिले, त्याला कसोटीच्या शिक्क्याची गरज वाटली नाही.

आमची मागणी मोठी नाही. देशांतर्गत स्पर्धेत पाच-सात हंगाम सातत्याने आघाडीवर राहिलेल्या गोलंदाजाला जेव्हा वगळले जाईल, तेव्हा का वगळले ते समितीने दोन ओळींत लिहून प्रसिद्ध करावे. कारण चुकीचे असले तरी चालेल. चुकीच्या कारणाशी वाद घालता येतो. ‘दुर्दैव’ या शब्दाशी वाद घालता येत नाही, म्हणूनच तो निर्णय घेणाऱ्यांना सोयीचा वाटतो. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर २०२५ मध्ये. त्यांना उत्तर देण्याची वेळ टळून गेली. जे अजून गोलंदाजी करीत आहेत, त्यांना तरी ते हयातीत मिळावे.